विलासचा सकाळचा निरोप

आमच्या कंपनीचे सर्व्हर क्लाउडवर गेले त्या दिवशी सेठजींनी मला केबिनमध्ये बोलावून विचारलं, "अब वो मशीन है कहाँ? मुझे ले चलो, एक बार देख लूँ." मी म्हटलं, मुंबईकडे कुठेतरी आहे, पण नेमकी कोणत्या इमारतीत ते मलाही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी आपल्याला आत कोणी सोडलं नसतं. सेठजींचे ट्रक आसामपासून केरळपर्यंत फिरायचे. ड्रायव्हरच्या फोनमागचा गोंगाट ऐकून तो कुठल्या ढाब्यावर बसलाय हे ते सांगायचे. अशा माणसाला माझं उत्तर पटणं शक्यच नव्हतं. ते म्हणाले, "सुधाकर भैया, आपको तो पता होना चाहिए था."

खरं तर मलाही तसंच वाटत होतं. पण ते बोलून दाखवायचा माझा पगार नव्हता.

रायपूरच्या भनपुरीतल्या त्या ट्रान्सपोर्ट कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळण्यात माझं आयुष्य गेलं. माल कुठून निघाला, कोणत्या गाडीत चढला, कुठे उतरला, याची पावती, म्हणजे बिल्टी, पूर्वी हाताने फाटायची, मग ती कॉम्प्युटरवर निघू लागली. ज्या मोठ्या कॉम्प्युटरवर हे सगळं साठायचं तो सर्व्हर. तो तळमजल्यावरच्या खोलीत होता आणि त्या खोलीत आम्ही दोघं होतो, मी आणि विलास. विलास मूळचा वर्ध्याकडचा, पण दोन पिढ्यांपासून रायपूरच्या तात्यापाऱ्यातला. माझं घराणं अमरावतीचं. कंपनीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे दार लोटलं की खोलीत विदर्भ सुरू व्हायचा.

सर्व्हरला थंडावा लागतो म्हणून खोलीत एसी होता, आणि मे महिन्यात अख्ख्या भनपुरीत तेवढीच एक खोली थंड. त्यामुळे आमच्याकडे माणसांचा राबता असायचा. ड्रायव्हर, मुनीम, हमाल, कोणीही काहीतरी निमित्त काढून यायचं आणि सर्व्हरच्या मागे पाठ टेकून बसायचं. विलास ओरडायचा, "अबे, मशीन आहे ते, पानठेला नोहे!" आणि मग स्वतःच त्यांना सरकून जागा करून द्यायचा.

क्लाउड म्हणजे काय हे मला अजूनही लग्नाकार्यात लोक विचारतात. आकाशाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी प्रचंड इमारतीत हजारो कॉम्प्युटर असतात आणि आपण तारेवरून त्यातला हवा तेवढा तुकडा वापरायला घेतो. काम वाढलं की मोठा तुकडा घ्यायचा, कमी झालं की परत करायचा. स्वतःची विहीर खणायची की नळाचं पाणी घ्यायचं, एवढाच फरक. नळ सोयीचा आहे यात वाद नाही, फक्त नळावर कोणी पाठ टेकून बसत नाही.

दुसरा शब्द डेव्हऑप्स. हा ऐकून तर माझी बहीण म्हणायची की एखाद्या औषधाचं नाव वाटतं. ते असं आहे. आमच्याकडे प्रोग्राम लिहिणारी पोरं वरच्या मजल्यावर बसायची आणि तो चालवणारे आम्ही खाली. वरून प्रोग्राम यायचा, खाली आला की बंद पडायचा. ते म्हणायचे मशीन खराब आहे, आम्ही म्हणायचो प्रोग्राम खराब आहे, आणि बिल्टी थांबली की सेठजी दोघांच्याही नावाने शंख करायचे. डेव्हऑप्स म्हणजे हे भांडण मिटवायची रीत. लिहिणारे आणि चालवणारे एकाच टेबलावर आणायचे. एकदम मोठा बदल करायचा नाही, छोटे छोटे करायचे. प्रत्येक बदलाची तपासणी माणसाने नाही, मशीननेच करायची, आणि काही बिघडलं तर झटकन आधीच्या ठिकाणी परत जायचं. शिवाय एखादा सर्व्हर कसा उभा करायचा हे कोणाच्या डोक्यात ठेवायचं नाही, एका फाईलमध्ये पायरी पायरीने लिहायचं. मग ती फाईल चालवली की नवा सर्व्हर आपोआप तयार.

ही शेवटची गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा विलास चहाचा कप हातात धरून तसाच बसला. म्हणाला, "म्हणजे आपल्या डोक्यातलं सारं काढून घेऊन राहिले. मंग डोकं कायले पाहिजे यायले?" मी हसलो. तो हसला नव्हता.

क्लाउडवर गेल्यावर पहिलीच विश्वकर्मा पूजा आली. भनपुरीत त्या दिवशी प्रत्येक यंत्र थांबतं. लेथ, क्रेन, वजनकाटा, ट्रक, सगळ्यांना हळदीकुंकू, झेंडूची माळ आणि विश्रांती. आमचा सर्व्हरही दरवर्षी तेवढा वेळ बंद व्हायचा. सेठजी म्हणाले, क्लाउडवाला भी बंद होगा, पूजा तो पूजा है. मी लॅपटॉपवर माळ घातली आणि पंडितजींच्या खुणेबरोबर सर्व्हर बंद केला. स्क्रीनवर लाल दिवा लागला, पंडितजींनी मंत्र सुरू केला, आणि दिवा पुन्हा हिरवा. मी परत बंद केला. परत हिरवा. आमच्याच पोरांनी तशी सोय करून ठेवली होती: एक सर्व्हर पडला की सिस्टीमने कोणालाही न विचारता तसाच दुसरा उभा करायचा. हे माझ्या ध्यानात येईपर्यंत पंडितजींचा मंत्र अडखळला होता. सेठजी हात जोडूनच उभे होते, स्क्रीनकडे बघत म्हणाले, "ये तो आराम भी नहीं करती." विलासला हसू आवरेना, तो प्रसाद आणायच्या मिषाने बाहेर पळाला.

मला त्या पूजेचं हसू पुढे बरेच दिवस पुरलं, कारण त्यानंतर हसण्यासारखं फारसं घडलं नाही. खोलीची गरज संपली. विलासने वेळेआधी नोकरी सोडली. खोलीत आता ताडपत्र्यांचे गठ्ठे ठेवतात. मला कंपनीने ठेवून घेतलं, पण घरूनच काम करायला सांगितलं. माझ्यासोबतची पोरं पुण्यात, इंदूरला, कोचीला. रोज सकाळी स्क्रीनवर सगळे जमतात, कॅमेरे बंद असतात, त्यामुळे चौकोनात नुसती नावं दिसतात. बोलणं हिंदीत नाहीतर इंग्रजीत. पुण्याच्या पोराशी मी एकदा हौसेने मराठीत बोललो, तर तो अगदी आदराने म्हणाला, "सर, तुमचं मराठी थोडं हिंदीसारखं वाटतं." त्यानंतर मी त्याच्याशी हिंदीतच बोलतो.

मी लग्न केलं नाही. का केलं नाही ही वेगळी आणि कंटाळवाणी हकीकत आहे. सांगायचं एवढंच की फ्लॅटमध्ये मी एकटा असतो, आणि तोंडातून मराठीचा शब्दही निघाला नाही असे दिवस जाऊ लागले. अपवाद विलासचा. सकाळी सातला फोनवर त्याचा निरोप यायचा: "उठलो बे. चहा घेऊन राहिलो. तू?" मी काहीतरी लिहायचो, त्यावर त्याचं "हाव" किंवा "मस्त" यायचं. दिवसाला तेवढं पुरायचं. भेटू म्हटलं की सुरुवातीला कधी त्याचा गुडघा दुखायचा, कधी पाहुणे असायचे, पुढे त्यावरही नुसतं 'हाव' यायचं. मी मनावर घेतलं नाही.

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं तिच्याशिवाय कळणार नाही. सर्व्हर नीट चालतोय का हे बघायला माणूस बसवत नाहीत. एक छोटा प्रोग्राम दर मिनिटाला त्याला विचारतो, ठीक आहेस का? तो म्हणतो, ठीक आहे. हिरवा दिवा. उत्तर आलं नाही की लाल दिवा आणि माझा फोन वाजतो. एकदा धानाच्या हंगामात अभनपूरच्या बुकिंग काउंटरवरून फोन आला की सकाळपासून एकही बिल्टी निघालेली नाही, बाहेर गाड्यांची रांग लागली आहे. मी स्क्रीन पाहिली तर सगळे दिवे हिरवे. शोधल्यावर कळलं की 'ठीक आहे' म्हणणारा भाग जिवंत होता, पण त्याच्या मागे जिथे माहिती साठते ते सगळं गारठून पडलेलं. तेव्हापासून मी सर्व्हरला ख्यालीखुशाली विचारत नाही. एक खोटी बिल्टी काढायला लावतो. निघाली तरच हिरवा.

गेल्या वर्षी अमरावतीला माझी बहीण वारली. सकाळी विलासचा नेहमीचा निरोप आला, चहा घेऊन राहिलो, तू? मी लिहिलं, "विलास, ताई गेली."

उत्तर आलं, "मस्त."

वाटलं चुकून गेलं असेल, आता दुसरा निरोप येईल, फोन येईल. काहीही आलं नाही. मी गाडी पकडून अमरावतीला गेलो. रस्ताभर ताईच्या आठवणीपेक्षा विलासचा रागच डोक्यात होता, आणि तसं होतंय याचा स्वतःवरही राग येत होता. तिथून मी त्याला एक अक्षर लिहिलं नाही. त्याचे निरोप मात्र रोज सकाळी येत राहिले. उठलो बे. चहा घेऊन राहिलो.

परत आल्यावर एका सकाळी मी ते सगळे निरोप एकाखाली एक पाहिले. प्रत्येक निरोप सातच्या ठोक्याला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. विलासला मी ओळखतो, हा माणूस आयुष्यात कधी वेळेवर उठला नव्हता. हे निरोप विलास लिहीत नव्हता, त्याने लावून ठेवलेलं यंत्र लिहीत होतं.

मी तसाच तात्यापाऱ्यात गेलो. स्वयंपाकाच्या बाईंनी दार उघडलं. विलास खिडकीपाशी खुर्चीत होता. उजवा हात मांडीवर ठेवल्यासारखा पडलेला, ओठ एका बाजूला ओढलेला. मला पाहून त्याने तोंड उघडलं आणि शब्द यायला इतका वेळ लागला की मीच मान खाली घातली.

"आ...ला," तो म्हणाला.

हळूहळू सगळं कळलं. त्याची मुलगी अदिती बंगळुरूला नोकरीला. आई गेल्यापासून तिची अट होती की बाबांनी रोज सकाळी निरोप टाकायचा. हा विसरायचा, ती रागवायची. म्हणून त्याने क्लाउडवर एक चिमुकली मशीन घेतली आणि प्रोग्राम लावला: रोज सातला अदितीला एक निरोप, सुधाकरला एक निरोप, आणि काही उत्तर आलं तर दोन-चार ठरलेल्या शब्दांपैकी एक परत पाठवायचा. कामचुकारपणा, दुसरं काही नाही. मग होळीच्या सुमारास त्याला लकवा मारला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं. मशीन दूर कुठेतरी सुरूच होती आणि रोज सांगत होती की विलास चहा घेऊन राहिला आहे. रविवारी अदितीचा फोन आला की तो उचलायचा नाही, बाई निरोप टाकायच्या, बाबा बाहर गए हैं.

"तिले काहून नाही सांगितलं?" मी विचारलं.

"घेऊन... जाईन मले." मग श्वास घेऊन, "चौदावा माळा. कोनाशी... बोलू तिथं?"

मी लॅपटॉप मागितला. म्हटलं, हे आधी बंद करतो. खोटा हिरवा दिवा मी सर्व्हरचाही ठेवत नाही. विलासने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "नको."

आणि मी थांबलो. माझं थांबणं निव्वळ त्याच्या शब्दाखातर होतं असं सांगितलं तर ते खरं होणार नाही. ती घेऊन गेली असती तर रायपुरात माझ्याशी मराठीत बोलणारं कोणी उरलं नसतं, हे त्याच्याइतकंच मलाही कळत होतं.

पुढचे काही आठवडे मी रोज त्याच्याकडे जायचो. लॅपटॉप तिथेच उघडायचा, काम तिथेच करायचं. तो एकेक शब्द ओढून काढायचा, मी वाट बघायचो. सेठजींची नक्कल करायचा, अर्ध्या तोंडाने केलेली नक्कल तर जास्तच हुबेहूब वाटायची. पूजेच्या दिवसाची आठवण काढून आम्ही इतके हसलो की बाई पाणी घेऊन धावत आल्या. नोकरीत इतकी वर्षं काढूनही एवढं सुख मला मिळालं नव्हतं. ताईबद्दल मी त्याला सगळं सांगितलं. तो रडला, आणि मला माझं रडणं तेव्हा सापडलं.

मग एक दिवस व्यायाम शिकवायला येणारी मुलगी जाताना मला जिन्यात म्हणाली, "अंकल, ये टाइम निकल गया तो हाथ वापस नहीं आएगा. बोली भी नहीं. इनको रोज़ करवाने वाला घर का आदमी चाहिए." मी म्हटलं, मी आहे ना. ती म्हणाली, "आप तो शाम को चले जाते हो."

वर आलो आणि लॅपटॉप विलासच्या पुढ्यात ठेवला. ती जे म्हणाली ते त्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने खिडकीबाहेर पाहिलं. पासवर्ड मला माहीत नव्हता, आणि तो विचारायचा नाही असं मी ठरवलं होतं. खूप वेळाने त्याने डावा हात पुढे आणला आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला. चुकला. पुन्हा टाकला. मग हात मागे घेऊन मला म्हणाला, "तू... कर." मी मशीन बंद केली. ही परत आपोआप उभी राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकरच त्याच्याकडे पोचलो. त्याचा फोन मध्ये ठेवला आणि दोघं बसलो. सात वाजले. काही झालं नाही. बाईंनी चहा आणला, तो तसाच राहिला. विलास सारखा फोनकडे बघत होता. मला भीती होती की फोन येईल, आणि त्याहून मोठी भीती होती की येणारच नाही, की तिकडे कोणी तो निरोप कधीपासून वाचतच नसेल.

फोन वाजला. विलासने मान हलवली, मी स्पीकर लावला.

"पापा? आज मैसेज क्यों नहीं आया? पापा?"

अदिती लहानपणापासून अशीच, आपण मराठीत बोलायचं आणि तिने हिंदीत उत्तर द्यायचं. विलासने ओठ हलवले. मला दिसत होतं, तो 'ठीक आहे' म्हणायला बघत होता. पण ठीकमधला ठ त्याच्याकडून निघेना. घशातून नुसता एक आवाज आला, मग आणखी एक. मी मध्ये बोललो नाही.

मग ती म्हणाली, "बाबा, मी येऊन राहिली. तुम्ही काही बोलू नका. मी आजच येऊन राहिली."

विलास डाव्या हाताने डोळे पुसत होता आणि चक्क हसत होता.

ती आली आणि त्याला घेऊन गेली. ते बरोबरच झालं. विमानतळावर त्याची चाकाची खुर्ची दारापर्यंत मीच ढकलली. त्याचा हात आता थोडा उचलला जातो असं अदिती कधीमधी कळवते. त्याला व्यायामातून वेळ मिळत नाही.

मी घरी परत आलो तेव्हा जे मनात आलं ते सरळ सांगतो. मी उद्या पडलो तर कुठला दिवा लाल होईल? कंपनीच्या स्क्रीनवर माझ्या नावाचा चौकोन नसला तर सुट्टीवर असेल म्हणतील. मी बरेच दिवस यावर विचार केला आणि मग समोरच्या फ्लॅटमधल्या साहू दीदींचं दार वाजवलं. त्या शाळेत शिक्षिका होत्या, त्याही एकट्याच. आमची ओळख जिन्यात मान हलवण्यापुरती. मी म्हटलं, दीदी, मैं सुबह पेपर उठा लेता हूँ. कभी आपके पूजा से लौटने तक पेपर बाहर पड़ा दिखे, तो बेल बजा देना. त्यांनी कारण विचारलं नाही. "हव," एवढंच म्हणाल्या.

पण ज्या अलार्मची परीक्षा घेतलेली नाही तो अलार्म नव्हे, हे आमच्या धंद्यात पहिल्या दिवशी शिकवतात. म्हणून परवा मी पेपर उचलला नाही. दाराआड खुर्ची टाकून बसलो. खालचं फाटक वाजलं. जिन्यावर चप्पल आली, थांबली, त्यांच्या दारात किल्ली फिरली. दार बंद झालं. मी तसाच बसून राहिलो. स्वतःला समजावलं, नवीन आहे, सवय व्हायला वेळ लागतो.

मग त्यांचं दार पुन्हा उघडलं आणि माझी बेल वाजली. "भैया? पेपर बाहिर परे हे. सब बने हे न?" सगळं ठीक आहे ना, असं त्या त्यांच्या बोलीत विचारत होत्या.

मी लगेच उठलो नाही. त्या पुन्हा वाजवतात का ते मला बघायचं होतं. त्यांनी पुन्हा वाजवली.